कोठीबाई आणि दोन हद्दींची यादी

आमच्या ठाण्यात तिला सगळे कोठीबाई म्हणायचे. जप्त केलेला माल ठेवायची जी खोली, तिला आम्ही कोठी म्हणत असू, आणि त्या खोलीची किल्ली अकरा वर्षं तिच्या कमरेला होती. हुद्द्यानं ती हवालदार. पण एका मोर्च्याच्या बंदोबस्तात तिचा गुडघा निखळला, तो पुन्हा काही नीट बसला नाही, आणि पळापळीच्या कामातून काढून तिला मागच्या खोलीत बसवलं. मी त्याच ठाण्यात लेखनिक होतो. माझं टेबल कोठीच्या दाराला लागून, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. थोडंफार माझ्या हातूनही घडलं. तेही सांगतो.

कोठीत एकच खिडकी, तिलाही जाळी. आत गेलं की तेलाचा, गंजाचा आणि ओल्या पोत्यांचा वास नाकात बसायचा. आमचं ठाणं नदीकाठी, चहूबाजूंनी शेती, त्यामुळे कोठीत दागिने-बिगिने फारसे नव्हते. पाण्याच्या मोटरी, तांब्याच्या तारेची वेटोळी, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, फवारणीची यंत्रं. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी आणि लाखेची मोहर. यातल्या अर्ध्याअधिक मालाला मालकच नव्हता. भंगारवाल्याकडे धाड पडली की माल यायचा, पण तो कुणाचा ते कळायचं नाही, कारण आमच्या हद्दीत तशी तक्रारच नसायची.

नदीपलीकडे दुसरा जिल्हा. पूल ओलांडला की दुसरं ठाणं, दुसरे साहेब, दुसरा शिक्का. चोर मात्र पुलाला काही मोजत नव्हते. इकडची मोटर तिकडे विकायचे, तिकडची इकडे. शेतकरी तिकडच्या ठाण्यात तक्रार द्यायचा, माल आमच्या कोठीत धूळ खात पडायचा. दोन्ही ठाणी एकमेकांकडे बोट दाखवायची. "हद्द तुमची." "नाही, हद्द तुमची." शेतकरी मधल्या मधे हेलपाटे घालून थकायचा आणि गप बसायचा.

एका दुपारी कोठीबाई माझ्या टेबलाशी आली. "भाऊ, पलीकडच्या ठाण्याचा नंबर आहे का हो?"

"कशाला? त्यांचं-आपलं काही पत्र नाही."

"पत्र नाहीच. फोन करते. माझ्याकडे मोटरी आहेत, त्यांच्याकडे तक्रारी असतील. लग्न जुळवायचंय."

मी हसलो, नंबर दिला. पलीकडे फोन उचलला तो तिथल्या जमादारानं. आवाज घोगरा, बोलणं मनमोकळं. बाईनं सांगितलं, "माझ्याकडे एक मोटर आहे. बुडाला पोचा, अंगावर पांढऱ्या रंगाचे दोन पट्टे, हातानं मारलेले, वाकडे." जमादार म्हणाला, "ताई, थांबा जरा." कागद उलटल्याचा आवाज आला आणि मग तो ओरडलाच, "वाकडे पट्टे! आहे की! सात महिने झाले, तो बाबा दर सोमवारी येऊन बसतो माझ्यापुढे!"

चार दिवसांनी तो बाबा कोठीच्या दारात उभा राहिला. मोटर पाहिली आणि नुसता तिच्यावरून हात फिरवत राहिला, हरवलेलं वासरू सापडल्यासारखा. कोठीबाईनं तोंड फिरवलं आणि उगाच एका पोत्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

तिथून पुढे दर गुरुवारी दुपारी तिचा आणि जमादाराचा फोन ठरलेला. तो म्हणायचा, "ताई, वही उघडा." ती म्हणायची, "जमादार, चष्मा लावा." दोन वर्षांत त्यांनी ऐंशीच्या आसपास वस्तू मालकांच्या घरी पोचवल्या. कुणाचा हुकूम नाही, कुणाची सही नाही. एक फोन आणि दोन वह्या. नवरा गेल्यापासून बाई घरी एकटीच असायची, मुलगी लग्न होऊन लांब. मला वाटतं, गुरुवारची ती वाट पाहायची.

चांगलं काम फार दिवस लपत नाही. आमच्या नव्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेब तरणेबांड, हुशार, इस्त्री कधी न मोडणारे. त्यांनी वर पत्र धाडलं, पलीकडच्या साहेबांनीही धाडलं, आणि दोन जिल्ह्यांची मिळून शेतीसुरक्षा समिती उभी राहिली. मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला. व्यासपीठावर दोन्ही साहेबांनी हस्तांदोलन केलं आणि छायाचित्रकारानं सांगितलं म्हणून पुन्हा एकदा केलं. कोठीबाई आणि जमादार मागच्या रांगेत होते. त्या दिवशी त्यांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. "मला वाटलं तुम्ही उंच असाल," बाई म्हणाली. "आवाजच उंच आहे, ताई," तो म्हणाला.

समितीचा पहिला ठराव असा, की हद्दीतल्या प्रत्येक शेतावर कोणतं यंत्र आहे, कोणत्या गोठ्यात की शेडमध्ये ठेवतात, त्याचा नंबर काय, कुलूप कसलं, याची यादी करायची. माल सापडला की मालक लगेच कळेल. कल्पना वाईट नव्हती. आमच्या बाजूचं काम अर्थातच कोठीबाईच्या गळ्यात पडलं.

दुखरा गुडघा घेऊन तिनं तीन महिने शेतं पालथी घातली. लोक आधी दाराआडूनच बोलायचे. "आमची यंत्रं तुम्हाला कशाला कळायला हवीत?" म्हणायचे. बाई म्हणायची, "माझ्या सख्ख्या भावाचं नाव पहिल्या पानावर आहे, बघा." आणि खरंच होतं. तिचा थोरला भाऊ आमच्याच हद्दीत शेती करायचा. तोही आधी राजी नव्हता. "माझा ट्रॅक्टर मला दिसतो, पुरे झालं," म्हणाला. ती म्हणाली, "दादा, तू नाही म्हणालास तर दुसरे कशाला हो म्हणतील? माझ्यासाठी लिहून दे." त्यानं लिहून दिलं. मागाहून दोनशे चौदा शेतं आली. लोकांनी यादीवर विश्वास ठेवला नव्हता, बाईवर ठेवला होता.

यादी झाल्याबरोबर तिची एक प्रत पलीकडे गेली, जमादाराच्या नावानं, बंद पाकिटात.

त्यानंतर आठ दिवसांनी एक शेतकरी तणतणत ठाण्यात आला. त्याचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा बांधावरून अबोला. दोघांच्या शेड शेजारी-शेजारी, दरवाजे सारखेच हिरवे. फवारणीचं मोठं यंत्र या थोरल्याचं, पण बाईनं घाईत ते धाकट्याच्या शेडमध्ये लिहिलं होतं. त्याला हे कुणीतरी सांगितलं.

"माझं यंत्र त्याच्या नावावर? मी काय मेलोय?"

"चुकलं, बाबा. हे बघा, तुमच्यासमोर खोडते." तिनं लाल शाईनं खोडलं, दुरुस्त केलं. साहेबांसाठी मी जी प्रत टंकली ती त्यानंतरची, दुरुस्त केलेली. पलीकडे तेवढं कळवायचं राहून गेलं.

पुढे पेरणीच्या तोंडावर चोऱ्या सुरू झाल्या. आधी व्हायच्या तशा नाहीत. आधी हाताला लागेल ते उचलायचे. आता चोर सरळ त्याच शेडला जायचे, तेच कुलूप तोडायला लागणारं हत्यार घेऊन. दोन महिन्यांत एकोणीस. तिसरी चोरी बाईच्या भावाकडे झाली. ट्रॅक्टर गेला. दादा ठाण्यात येऊन बाकावर बसला आणि तक्रार लिहिताना मी विचारलं तेवढीच उत्तरं दिली. जाताना बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू काय करणार त्याला?" ते तिला फार लागलं. रागावला असता तर बरं, असं ती मला नंतर म्हणाली.

मग एके सकाळी तो दुसरा, अबोल्यातला धाकटा भाऊ आला.

"साहेब, माझी शेड फोडली."

मी कागद ओढला. "काय गेलं?"

"काहीच नाही. आत एक मोडकी खाट आणि रिकामी पोती. पण कुलूप नवीन होतं हो! गॅसनं कापलंय. खाट न्यायला कुणी गॅस आणतं का?" सगळे हसले. एक शिपाई म्हणाला, "न झालेल्या चोरीची तक्रार पहिल्यांदाच बघतोय." धाकटाही हसला. "शेजारी आमच्या थोरल्याचं यंत्र ठेवलंय, त्याला हातसुद्धा लावला नाही. आंधळे होते का?"

कोठीबाई तेवढी हसली नाही. ती उठून कोठीत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारी मला आत बोलावलं. पोत्यावर वही पसरलेली, एकोणीस नावांपुढे शिसपेन्सिलीच्या खुणा.

"भाऊ, हे लोक माझी यादी घेऊन फिरताहेत."

"कशावरून?"

"माझी चूकसुद्धा त्यांनी तशीच उचललीय." तिचं बोट लाल शाईवर होतं. "माझ्या वहीत दुरुस्त आहे. साहेबांची प्रत तुम्ही टंकलीत, तीही दुरुस्त. चुकीची प्रत जगात एकच आहे."

ती कुणाकडे आहे हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी गुरुवार होता. फोन वाजला, वाजत राहिला, आणि तिनं उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः पूल ओलांडून गेली. मी सोबत गेलो, तिला रिक्षातून उतरायला आधार लागायचा म्हणून. जमादार ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर भेटला. बाईनं काही न सजवता सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याच्या हातातला कप हळूहळू खाली आला.

"ताई, मी कुणाला दिली नाही."

"मग गेली कशी?"

तो म्हणाला, "भाच्यानं मागितली होती. विम्याची एजन्सी आहे त्याची. म्हणाला, कुणाकडे काय आहे कळलं तर यंत्रांचे विमे उतरवता येतील, शेतकऱ्यांचंही भलं. एक दिवसासाठी दिली. त्यानं फोटो काढले असतील. पुढे कुणाला गेले मला काय माहीत?"

"एका दिवसासाठी," बाई म्हणाली.

"बहिणीचा मुलगा आहे, ताई. घरात वाढलाय माझ्या."

"माझाही भाऊ होता त्या यादीत. पहिल्या पानावर."

जमादाराच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. तो म्हणाला, "हे वर सांगू नका. दीड वर्ष राहिलंय माझं. मी भाच्याला सरळ करतो." बाईनं विचारलं, "आणि लोकांचं काय सरळ कराल?" चहा न पिताच आम्ही परतलो.

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मी दारात फाईल घेऊन उभा होतो. ते चिडले नाहीत. तेच वाईट होतं.

"बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण विचार करा. दोन जिल्हे पहिल्यांदा एकत्र आलेत. आता मी उठून लिहू, की पलीकडच्या ठाण्यातून यादी फुटली? उद्या ते म्हणतील, तुमच्याकडून फुटली. सहकार्य संपलं."

"साहेब, सहकार्य आहे कशासाठी? लोकांचा माल वाचावा म्हणूनच ना?"

"म्हणून तर ते टिकवायचं. तुम्ही लेखी देऊ नका. तोंडी सांगितलंत, मी बघतो."

"लेखीच देते," ती म्हणाली.

तिनं दिलं. आवक नोंदवहीत मी नंबर टाकला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ते जमादाराला नव्हे, तिला. कारणे दाखवा नोटीस. 'गोपनीय यादी सुरक्षित ठेवण्यात कसूर केली.' ती नोटीस मीच टंकली. टंकताना 'कसूर' हा शब्द दोनदा चुकला.

चौकशीला बाहेरून अधिकारी आले. सगळा प्रश्न एवढाच होता, की साहेबांची प्रत दुरुस्तीच्या आधीची की नंतरची. नंतरची ठरली, तर चुकीची प्रत फक्त पलीकडे. आधीची ठरली, तर यादी आमच्याकडूनही फुटलेली असू शकते, आणि आमच्याकडे यादी सांभाळणारी एकच. साहेबांकडच्या प्रतीचं ते पान ऐनवेळी सापडेना. उरलो मी. त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून माझा बदलीचा अर्ज दाखवला होता. आई अंथरुणाला खिळलेली, चार वर्षं मी माझ्या गावाकडे बदली मागत होतो. साहेब काहीच म्हणाले नाहीत. फक्त अर्ज वर काढून ठेवला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही प्रत तुम्ही कधी टंकलीत?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

कोठीबाई समोरच्या खुर्चीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, माझी अडचण..." ती म्हणाली, "तुमच्या आईला किती दिवस झाले अंथरुणावर?" मी सांगितलं. "मग जा," ती म्हणाली. यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर मला झोप लागली असती.

दोन वेतनवाढी रोखल्या, कोठी काढून घेतली. तिला पुढच्या खोलीत, हरवलेल्या कागदपत्रांचे दाखले देण्याच्या खिडकीवर बसवलं. पण त्याआधी तिनं एक गोष्ट केली, जी नियमात बसत नव्हती. आठ दिवसांची रजा काढली आणि यादीतल्या शेतावर शेतावर स्वतः गेली. गणवेश नाही, साधी साडी. प्रत्येकाला एकच सांगितलं, "तुमची माहिती मी घेतली होती. ती चोरांच्या हाती गेलीय. कुलूप बदला, जागा बदला." काहींनी हात जोडले. काहींनी कुत्रं सोडलं. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, चोरानं नेलं ते गेलं. पण तू दारात बसून लिहून नेलंस गं." तिनं खाली मान घालून ऐकलं.

शेवटी भावाच्या घरी गेली. दादा घरी नव्हता. स्वतःचा ट्रॅक्टर गेल्यावर तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून जायला लागला होता. वहिनीनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"वन्सं, तुमच्या वहीत अजून काही लिहायचं राहिलंय का?"

"नाही वहिनी. सांगायला आलेय."

"सांगून झालंय तुमचं. हे दुसऱ्याच्या रानात राबतात आणि घरी येऊन म्हणतात, तिला काही बोलू नकोस. मग मी कुणाला बोलू?" तिचा आवाज फाटला. दार लागलं नाही, पण बाई आतही गेली नाही. हे मला तिनंच सांगितलं, पुढे कधीतरी, दाखल्यांवर शिक्के मारता मारता.

माझी बदली मंजूर झाली, पण वर्षभरानं. तोवर मी तिथेच होतो, म्हणून समितीच्या वार्षिक सभेलाही होतो. तेच सभागृह. साहेबांनी आकडे वाचून दाखवले. शेतीच्या यंत्रांच्या चोरीच्या तक्रारी दोन्ही जिल्ह्यांत निम्म्याहून खाली आल्या होत्या. टाळ्या झाल्या. पलीकडच्या ठाण्याला ढाल मिळाली, ती घ्यायला जमादार व्यासपीठावर गेला. निवृत्तीला सहा महिने उरले होते त्याचे. भाच्याला कुणी कधी काही विचारलं नाही.

कोठीबाई उभी राहिली. पाणी आणि खुर्च्या बघायला तिला बोलावलं होतं, बोलायला नाही.

"साहेब, चोऱ्या कमी झाल्या की तक्रारी?"

"प्रश्न नंतर घेऊ, बाई."

"लोक ठाण्यात यायचेच बंद झालेत, साहेब. इथं एक तरी शेतकरी बसलाय का, बघा."

लोकांनी खरंच माना वळवून पाहिलं. सगळे गणवेशच होते. कुणीतरी खाकरलं. साहेबांनी पुढचा कागद घेतला, आणि सभा चालू राहिली. नंतर घेऊ म्हटलेले प्रश्न नंतरही घेतले नाहीत.

माझ्या बदलीच्या आदल्या आठवड्यात वरून नवा हुकूम आला, यादी पुन्हा करा. या वेळी एका नव्या मुलीला पाठवलं, नुकतीच भरती झालेली, उत्साही. ती पंधरा दिवसांनी परतली ती तोंड पाडून. छापील तक्त्यात 'यंत्रे' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिलेला होता. निरंक.

"बाई, दारात ट्रॅक्टर उभा असतो आणि माणूस म्हणतो, माझ्याकडे काही नाही," ती रडवेली होऊन सांगत होती. "साहेबांना काय दाखवू? तुम्ही ओळखता त्यांना. तुम्ही चला ना माझ्याबरोबर एकदा."

कोठीबाईनं चष्मा लावला आणि पानं सावकाश चाळली, एकूण एक. मग तक्ता नीट जुळवून मुलीच्या हातात परत दिला.

"बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "असंच दे." आणि खिडकीशी कधीपासून उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "तुमचं काय हरवलंय?"